हॉलमधल्या नर्मदेला वळसा

आमच्या घरात काळी साडी एकच होती, ती संक्रांतीची. रेल्वेच्या चौकशी खिडकीवरून निवृत्त झाले, घरी बसून कंटाळले, आणि एका प्रदर्शनात गाईड म्हणून लागले. पहिल्याच दिवशी हुकूम आला की रोज काळ्या कपड्यांत यायचं. मी जबलपूरच्या बड्या फुहाऱ्याच्या बाजारात जाऊन एकदम चार काळ्या साड्या निवडल्या, तेव्हा दुकानदारानं बिल करता करता आवाज खाली आणून विचारलं, "दीदी, घर में सब ठीक तो है ना?" घरी आमच्या ह्यांनी चारही साड्या उलटसुलट करून बघितल्या. जन्म कारखान्यात काढलेला माणूस, तपासणी केल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. म्हणाले, "म्हणजे काळी साडी नेसून अंधारात उभं राहायचा पगार देऊन राहिले तुला? काहून, उजेडात उभं राहायला कोणी भेटलं नाही का त्यांना?"

तर काळं काहून, ते आधी सांगते. प्रदर्शनाच्या पाटीवर 'इमर्सिव्ह' असा शब्द होता. तो वाचून निम्मे लोक परत जात आणि उरलेले निम्मे आत येऊन मला त्याचा अर्थ विचारत. मी सांगायची की साध्या प्रदर्शनात चित्र भिंतीवर असतं आणि आपण त्याच्यासमोर उभे असतो. इथे आपण मधे उभे असतो आणि चित्र आपल्याभोवती असतं, पायाखालीसुद्धा. आमचा हॉल पूर्वी फरशांचं गोदाम होता. त्याच्या भिंती आणि जमीन पांढरीशुभ्र रंगवली, छताला सगळीकडे प्रोजेक्टर टांगले. दिवे मालवले की चार भिंती आणि जमीन मिळून एकच चित्र होतं, आणि ते हलतं, वाहतं, गर्जतं. अशा जागी गाईडनं फिकट रंग घातला तर चित्र तिच्या अंगावरही उमटतं. एक दिवस मी चुकून मोतिया ब्लाऊज घालून गेले, तर माझ्या दंडावरून मासे पोहायला लागले आणि लोक धबधबा सोडून माझा दंड बघत बसले.

चित्र होतं आपल्या नर्मदेचं. अमरकंटकापासून समुद्रापर्यंत. डिंडोरी-मंडल्याकडच्या गोंड चित्रकारांनी काढलेलं, म्हणजे हरणाच्या शिंगांतून झाड फुटलंय, माशाच्या पोटात दुसरा मासा आहे, आणि सगळं अंग बारीक ठिपक्यांनी भरलेलं. ती चित्रं कॉम्प्युटरवाल्यांनी चालती केली. सुरुवातीला सगळीकडे मिट्ट काळोख. मग एका कोपऱ्यात थेंब पडतो, त्याचं कुंड होतं, कुंडातून धार निघते आणि हॉलच्या बरोबर मधून, जमिनीवरून वाहू लागते. दोन्ही बाजूंना जंगलं उगवतात, भिंतीवरून धुआंधार धबधबा कोसळतो, भेडाघाटचे संगमरवरी कडे आपल्या अंगावर झुकतात, आणि शेवटी अख्ख्या जमिनीवर समुद्र पसरतो. एवढं झालं की लोक उसासा टाकतात आणि मोबाईल शोधतात.

माझं काम म्हणजे लोकांना आधी बाहेरच्या अंधाऱ्या खोलीत उभं करून त्यांचे डोळे अंधाराला सरावू देणं, जमीन मळू नये म्हणून कापडी मोजे घालायला देणं, आणि चार गोष्टी सांगणं. भिंतीला चिकटून उभं राहू नका, सावली पडते. गरगरलं तर खाली बसा आणि स्वतःच्या हाताकडे बघा. मुलं सांभाळा. मुलाखतीत मॅनेजरसाहेबांनी विचारलं होतं की तुम्हाला कलेचा अनुभव काय? मी म्हटलं, कलेचा नाही, पण एकच उत्तर दिवसभर न चिडता द्यायचा आहे. त्यांनी मला तिथल्या तिथे ठेवून घेतलं.

ही नोकरी मला फार आवडली, हे आधीच सांगून टाकते. चौकशी खिडकीवर येणारा माणूस वैतागलेलाच असायचा. इथला माणूस मुळात खूश व्हायला आलेला असतो. पण याच हॉलमध्ये एकदा एका बाईंची दोन-अडीच वर्षांची तपश्चर्या मोडता मोडता राहिली, आणि त्यांना तिथे नेऊन बसवलेलं होतं मी. लिहायला बसलेय ते खरं त्यासाठी. पण तिथवर जायच्या आधी आमची गिऱ्हाइकं कशी असत ते कळायला पाहिजे, नाहीतर पुढचं सगळं बनवून सांगितल्यासारखं वाटेल.

जबलपूरच्या माणसाला तुम्ही नर्मदा उजेडाची दाखवा नाहीतर खडूनं काढून दाखवा, तो आधी हात जोडणार. कापडी मोजे चपलांवरून घातले तरी चालतील असं मी सांगायची, पण नर्मदामैया जमिनीवर आहे म्हटल्यावर चपला बाहेरच राहायच्या. धार पायाशी आली की बायका साड्या उचलायच्या, पुरुष पँट वर ओढायचे. मोठे अधिकारी ओढायचे आणि त्यांचे ड्रायव्हरही ओढायचे. मग स्वतःलाच हसायचे, आणि पुढच्या लाटेला पुन्हा ओढायचे. लोक नाणी टाकायचे. पांढऱ्या जमिनीवर नाणं टणटणत जायचं आणि भलत्याच माणसाच्या पायाशी जाऊन पडायचं. एका आजींनी पदराखालून द्रोण, फूल, वात असं सगळं काढलं आणि दीपदानासाठी काडेपेटी मागितली. छतावरच्या धूर ओळखणाऱ्या यंत्रानं हॉलभर खरं पाणी सोडलं असतं. मी त्यांना म्हटलं, "आजी, दिवा चित्रात आधीच सोडलाय, तो बघा चालला." त्यांनी त्या चित्रातल्या दिव्याला मनोभावे नमस्कार केला आणि आपला द्रोण घरी घेऊन गेल्या.

मगर हे आणखी एक प्रकरण. नर्मदेचं वाहन मगर, म्हणून चित्रात एक ठिपक्याठिपक्यांची भली मोठी मगर यायची आणि जमिनीवरून सळसळत जायची. लहान मुलं तिच्या पाठीवर बसायला धावायची. ती पुढे निघून गेली की जमिनीवर बसून भोकाड पसरायची. एक कापडाचे व्यापारी सहकुटुंब आले होते. त्यांच्या पत्नीच्या पांढऱ्या ओढणीवर संगमरवराचे पट्टे उमटले, तर गृहस्थांनी कड्यांकडे पाठ फिरवली आणि ओढणी दोन्ही हातांत ताणून धरली. मला म्हणाले, "दीदी, ये प्रिंट कहाँ से उठाया? थान में मिलेगा?" मी सांगितलं की हे कापड नाही, उजेड आहे. ते म्हणाले, "वो तो ठीक है, पर रेट क्या है?" आजही त्यांच्या दुकानावरून जाताना मी आत डोकावते, तो छाप आला का म्हणून.

हे सगळं चालवणारे होते तिवारीजी. हॉलच्या मागे, काचेच्या एका छोट्या खोलीत त्यांचे कॉम्प्युटर. त्यांचं आयुष्य एका टॉकीजमध्ये रिळं लावण्यात गेलेलं. टॉकीज बंद पडल्यावर त्यांनी मुलाकडून कॉम्प्युटर शिकून घेतला, पण सवयी जुन्याच. शो सुरू करताना ते कॉम्प्युटरलाही उदबत्ती ओवाळत, पेटवलेली नाही, नुसतीच. आमचा सगळ्यात मोठा गोंधळ म्हणजे एकदा ऐन धुआंधारच्या वेळी एक अख्खी भिंत गेली. तीन भिंतींवर पाणी कोसळतंय आणि चौथीवर निळ्या चौकोनात लिहिलंय, सिग्नल नाही. मी टॉर्च वर केला आणि खिडकीवरच्या जुन्या आवाजात म्हटलं, "कृपया शांती बनाए रखें. बरगी डैम के गेट बंद किए गए हैं." बरगीचं धरण धुआंधारच्या वरच्या अंगालाच आहे, लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिवारीजींनी भिंत परत आणली तेव्हा कोणीतरी ओरडलं, "गेट खुल गए!" बाहेर पडताना एका माणसानं मॅनेजरसाहेबांना सांगितलं की तो डैमवाला प्रसंग फार छान बसवलाय.

आता त्या बाईंचं.

चातुर्मास लागला होता. बाहेरगावच्या वाचकांसाठी थोडं सांगते. नर्मदेची परिक्रमा म्हणजे नदी उजव्या हाताला ठेवून तिच्या काठानं पायी चालायचं, टोकाला वळसा घालायचा आणि दुसऱ्या काठानं परत यायचं. मागून मिळेल ते खायचं, मिळेल तिथे निजायचं. पावसाळ्याचे महिने चालणं बंद, एका जागी मुक्काम. नियम पुष्कळ आहेत, पण सगळ्यात कडक नियम एकच की वाटेत नदी ओलांडायची नाही. पुलावरून नाही, नावेतून नाही. ओलांडली की परिक्रमा खंडित झाली. मग जिथून उचलली तिथून पुन्हा पहिल्यापासून.

कुमुदताई साताऱ्याकडच्या. निवृत्त शिक्षिका, वयानं माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठ्या, अंगानं किडकिडीत, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. ओंकारेश्वरहून निघून दक्षिण तटानं समुद्रापर्यंत गेल्या, तिथे नियमाला धरूनच समुद्रातून नावेनं वळून उत्तर तटानं चालत जबलपूरला आल्या आणि चातुर्मासाला घाटाजवळच्या एका आश्रमात थांबल्या. पुढे अमरकंटकचा वळसा आणि परतीची वाट राहिली होती. गुडघे कुरकुरत होते. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं झालं तर ते या जन्मी होणार नव्हतं, हे त्यांनाही माहीत होतं. ही सगळी हकीकत मला नंतर मेघनानं सांगितली. मेघना म्हणजे बँकेत बदली होऊन नुकतीच मदन महल भागात राहायला आलेली पुण्याची मुलगी. रविवारी ती आश्रमात डबा घेऊन जायची. ताई दिवसभर बसून असतात, त्यांना जरा बाहेर काढावं, म्हणून नर्मदेची चित्रं दाखवायला ती त्यांना आमच्याकडे घेऊन आली.

अंधाऱ्या खोलीत मला एवढंच दिसलं की एक वयस्कर बाई आहेत, पांढरं पातळ नेसलेल्या, पाय दुखतायत. अशा लोकांसाठी हॉलच्या पलीकडच्या भिंतीशी बाकं होती. अजून चित्र सुरू व्हायचं होतं, जमीन काळी होती. मी त्यांचा हात धरून सरळ पलीकडे नेलं आणि बसवलं. मेघना दाराच्या बाजूला उभी राहिली, तिला व्हिडिओ घ्यायचा होता.

शो झाला. मी माझ्या जागेवरून बघत होते. थेंब पडला तशा ताई ताठ बसल्या. धार निघाली तेव्हा त्यांनी वाकून जमिनीला हात लावून तो कपाळाला लावला. पुढे पुढे तर त्या ओळखीची माणसं भेटावीत तशा हसत होत्या, एकेका घाटाचं नाव पुटपुटत होत्या. समुद्र आला तेव्हा पाय बाकावर घेऊन बसल्या. मग नेहमीप्रमाणे समुद्र विरला आणि बाहेर जायच्या वेळचं चित्र लागलं. हे चित्र म्हणजे मंद उजेडातली नदी, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत संथ वाहणारी, अंधारात कोणी धडपडू नये म्हणून ठेवलेली. लोक तिच्यावरून चालत दाराकडे निघाले.

ताई काठापर्यंत आल्या आणि थांबल्या.

मला वाटलं, गरगरलं असेल. मी टॉर्च घेऊन गेले. "या ना ताई, हात धरा."

"कशी येऊ?" त्या म्हणाल्या. "मध्ये मैया आहे."

पलीकडून मेघनानं हाक मारली, "ताई, काही नाही होत, लाईट आहे नुसता! या!"

"लाईट आहे हे मला कळतं गं. मी शाळेत विज्ञान शिकवत होते. प्रकाश सरळ रेषेत जातो हे मीच पोरांना घोकायला लावलं." मग माझ्याकडे वळून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पण मगाशी मी तिला नमस्कार केला ना. नमस्कार करताना मैया आणि ओलांडताना दिवा, असं मला नाही जमायचं हो."

मला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. त्यांचा हात माझ्या हातात होता. मी या गावची, परिक्रमावासी काय असतो ते लहानपणापासून बघत आले. आमच्या दाराशी आलेल्या परिक्रमावासीला आईनं कधी रिकामं पाठवलं नाही. आणि मीच या बाईंना धरून नदीच्या भलत्या काठावर बसवून ठेवलं होतं. दोन्ही दारं दुसऱ्या काठावर. मला त्या हॉलमध्ये पहिल्यांदा भीती वाटली.

तिवारीजी काचेमागून बघत होते, ते बाहेर आले. सगळं ऐकून त्यांनी आधी ताईंना वाकून नमस्कार केला, "नर्मदे हर, माताराम." मग मला विचारलं, "दीदी, बंद कर दूँ? दो मिनट की बात है."

ताईंना हिंदी चांगलं येत होतं. त्या म्हणाल्या, "भैया, मेरे लिए मैया को सुखाओगे? सूखी नदी पार करना भी पार करना ही है."

"पॉज़?"

"रोककर भी नहीं."

तेवढ्यात मॅनेजरसाहेब आले. पुढच्या शोची माणसं अंधाऱ्या खोलीत ताटकळत होती, त्यात लहान मुलं होती, आणि त्यांचा गलका आत ऐकू येत होता. साहेब सभ्य माणूस. त्यांनी खुर्ची मागवतो म्हटलं, चौघं उचलून नेतील. मी म्हटलं, "साहेब, पालखीतून गेलं तरी ओलांडलंच ना." ते घड्याळाकडे बघत राहिले. ताई त्यांना म्हणाल्या, "माझ्यामुळे तुमची खोटी नको. मी बसते इथे कोपऱ्यात, तुम्ही तुमचे खेळ करा." म्हणजे किती वेळ बसणार, हे त्यांनाही सांगता येईना. रडायच्या बेतात होत्या, पण मास्तरीण असल्यामुळे रडत नव्हत्या.

मी नदीकडे बघत उभी राहिले. रोज बघून बघून ती मला पाठ झाली होती. कुठे मगर येते, कुठे झाड फुटतं. आणि एकदम सुचलं की ओलांडायची कशाला? हिला उगम आहे. शोच्या सुरुवातीला कोपऱ्यात कुंड असतं आणि धार अजून निघायची असते. कुंडाला वळसा घातला की माणूस या काठावरून त्या काठावर जातो, आणि तेही नदी उजव्या हाताला ठेवून. ताई बसल्या होत्या तो उत्तर तटच होता. त्या खऱ्या नर्मदेच्याही उत्तर तटावर होत्या.

मी ताईंना विचारलं. त्या डोळे मिटून मनातल्या मनात दिशा जुळवू लागल्या. एक हात उजवीकडे धरला, हवेत वळवला. मग म्हणाल्या, "चालेल. उगमाला वळसा घालणं म्हणजे ओलांडणं नव्हे. ते तर सांगितलेलंच आहे. आणि अमरकंटकला मी घालणारच आहे पुन्हा."

अडचण अशी की आमचं कुंड अगदी भिंतीला लागून उगवायचं. मागून माणूस जायला जागाच नव्हती. तिवारीजी हसले. आयुष्यभर पडद्यावर नटांची कापली गेलेली डोकी परत पडद्यात आणणारा माणूस तो. "चित्र सरका देता हूँ, दीदी. माताराम जितनी जगह कहें." ते आत गेले आणि एका क्षणाचा काळोख झाला. ताई माझा हात घट्ट धरून होत्या. मग थेंब पडला. कुंड भरलं, भिंतीपासून चांगलं दोन हात अलीकडे. चित्र सरकल्यामुळे हॉलच्या दुसऱ्या टोकाला ते दारावर चढलं होतं, आणि मॅनेजरसाहेबांच्या शर्टावर एक कमळ उमललं. धार निघायला लागली की तिवारीजी पुन्हा थेंबापासून सुरू करत. थांबवलं काही नाही, तेवढंच पाणी पुन्हा पुन्हा उगवत राहिलं.

ताई निघाल्या. मी मागे. "सावकाश ताई, उजवीकडे कुंड आहे." त्या भिंतीला खांदा घासत, एकेक पाऊल टाकत चालल्या होत्या आणि तोंडानं नर्मदे हर चाललं होतं. कोणीतरी दार उघडं ठेवलं होतं, त्यातून पुढच्या शोची सगळी माणसं आत आली आणि अंधारात उभी राहून बघू लागली. त्यांना कोणी काही समजावून सांगितलं नाही. पांढरं पातळ, अनवाणी पाय, उजव्या हाताला नदी. जबलपूरच्या माणसाला एवढं पुरे. ताई वळसा घालून अलीकडच्या काठावर आल्या आणि हॉल दणाणला, "नर्मदे हर!" बायका पाया पडायला पुढे आल्या. साहेबांनी बूट काढून हातात घेतले होते. त्यांनी ते कधी काढले ते कोणी पाहिलं नाही. मेघना भिंतीशी उभी राहून मुसमुसत होती. ताईंनी तिला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "अगं, मोडली नाही ना, मग रडतेस काय?" माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं ते मी पुसलंही नाही. काळ्या साडीचा एक फायदा असा की अंधारात आपण कोणाला दिसत नाही.

पुढचा शो मजेदारच झाला. पलीकडे जायला कोणी तयार होईना. सगळी माणसं दाराच्या बाजूला दाटीवाटीनं उभी, आणि पलीकडची बाकं रिकामी. साहेबांनी विचारलं, "मॅडम, अर्धा हॉल रिकामा का?" मी म्हटलं, "दक्षिण तट फुल्ल आहे, साहेब." माझी स्वतःची उभं राहायची जागा पलीकडे होती. मी एक पाय उचलला आणि परत जागच्या जागी ठेवला. दिवसातून कितीदा त्या धारेवरून झाडू घेऊन गेले असेन, पण त्या दिवशी गेले नाही. चित्र मात्र तिवारीजींनी परत सरकवलं नाही. आमच्याकडे नर्मदा तेव्हापासून भिंतीपासून दोन हात अलीकडे उगम पावायला लागली. कॉम्प्युटरवाल्यांच्या ऑफिसमधून तक्रार आली, तर तिवारीजींनी 'तांत्रिक कारण' असं कळवलं.

कार्तिक आला, ताई पुढे निघाल्या. निघायच्या आधी त्यांनी मेघनाकडून माझा नंबर घेतला होता, पण परिक्रमेतली माणसं फोनच्या मागे नसतात. मीच मेघनाला सारखी विचारायची, काही कळलं का? काही कळत नव्हतं. कडाक्याची थंडी पडली, तशी मला त्यांच्या गुडघ्यांची काळजी लागली. मंडल्याच्या पुढे जंगल आहे, चढ आहे. देवाशी माझं फारसं बोलणं नसतं, पण त्या दिवसांत मी त्यांच्यासाठी बोलले.

मग एका दुपारी शो चालू असताना फोन वाजला. अनोळखी नंबर. शोमध्ये फोन घ्यायचा नसतो, हे मीच दिवसभर लोकांना सांगते. मी कोपऱ्यात गेले आणि घेतला.

"नर्मदे हर," ताईंचा आवाज. शेवटच्या बाकापर्यंत. "वळले हो. अमरकंटकला. आत्ताच."

मी विचारलं, "कसं आहे कुंड?"

"लहान आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडचं मोठं होतं." आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की दोन-चार माणसं धबधबा सोडून माझ्याकडे बघायला लागली. मग त्या म्हणाल्या, "एक गोष्ट मात्र तुमच्याकडे नव्हती. इथे खाली एका ठिकाणी पाय सोडून बसले होते. काय गार पाणी आहे हो. शेवटच्या कधी गेला होतात तुम्ही मैयेवर?"

"मी? मी तर रोज तिच्यातच उभी असते, ताई."

"ते नाही विचारत मी."

मी आठवून पाहिलं. सासूबाईंच्या अस्थी घेऊन गेलो होतो, त्यानंतर नाही. घरापासून ऑटोनं अर्धा तास. रेल्वे, घर, मुलं, आणि आता ही नोकरी. "येते," ताई म्हणाल्या, "उजेड आहे तोवर पुढचा मुक्काम गाठायचाय."

फोन ठेवला तेव्हा माझ्या पावलांवरून नर्मदा वाहत होती. ठिपक्यांचे मासे, दिवा, सगळं. मोजे कोरडे. मला एकदम फार वाईट वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, वाईट वाटून घेत काय उभी आहेस, ती खरी आहे ना जागेवर. मी तिवारीजींना म्हटलं, "भैया, पुढचे दोन शो तुम्हीच सांभाळा. माणसांना काय सांगायचं ते तुम्हाला पाठ आहे." ते काही विचारत होते, ते मी ऐकलं नाही. बाहेर येऊन ऑटो थांबवला आणि ग्वारीघाट सांगितलं.

घाटावर थंडी होती, गर्दी कमी. नाववाला म्हणाला, "दीदी, उस पार चलेंगी?" मी म्हटलं, "नहीं भैया, आज इसी पार." पायऱ्या उतरले आणि साडीसकट पाण्यात उभी राहिले. पाय आधी पोळल्यासारखे झाले, मग बधिर झाले, मग त्यांना ओळख पटली. मी तशीच उभी राहून ह्यांना फोन लावला.

"ग्वारीघाटला या," म्हटलं.

"काहून? काय झालं?" हे घाबरले. "पडली का कुठं?"

"कुठं नाही पडली. पाण्यात उभी आहे. मस्त गार आहे. या ना लवकर."